‘चार प्लग ठोका, टीव्ही टांगा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

भिंतीवर टीव्ही लावण्याविषयीचा एक संदेश सध्या हातोहात फिरत आहे. त्याचा आशय असा: आजचे चपटे टीव्ही इतके हलके असतात की कोणत्याही भिंतीत चार छिद्रे पाडून प्लॅस्टिकचे प्लग (स्क्रूला धरून ठेवणाऱ्या नळ्या) ठोकले की काम झाले, ब्रॅकेटवर, म्हणजे टीव्ही अडकवायच्या धातूच्या चौकटीवर, ५० किलो लिहिले असेल, तर वीस किलोच्या टीव्हीची काळजी नको, टीव्हीच्या पाठीला बसेल तो स्क्रू लावावा, वायर लोंबकळत असेल तर ती गिलाव्याखाली बुजवावी, आणि टीव्ही भिंतीवर गेला की लहान मुलांचा धोका संपला. हे काम घरच्या घरी करण्याला माझा आक्षेप नाही, कारण दोन माणसांना ते नीट जमते. आक्षेप आहे तो या सल्ल्यात भिंतीचा विचारच नसण्याला.

पहिला मुद्दा हलकेपणाचा. ५५ इंची टीव्हीचे वजन स्टँड वगळून साधारण १५ ते २० किलो भरते, आणि तेवढे वजन चांगल्या भिंतीला खरोखरच जड नाही. पण टीव्ही भिंतीला नुसता खाली ओढत नाही, तो भिंतीपासून पुढे लटकलेला असल्यामुळे वरचे स्क्रू बाहेरही खेचतो. ब्रॅकेटच्या पट्टीची खालची कड भिंतीवर टेकते, ती टेकू होते, आणि सगळी रचना तरफेसारखी वागते. समजा टीव्ही १८ किलोचा आहे आणि वरचे स्क्रू त्या खालच्या कडेपासून २० सेंटिमीटर उंचीवर आहेत. टीव्हीचा भार भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर असेल, तर वरच्या स्क्रूंवर बाहेरच्या दिशेने पडणारी खेच साडेचार किलो वजनाइतकी असते. तोच टीव्ही पुढे ओढता येणाऱ्या हाताच्या ब्रॅकेटवर ५० सेंटिमीटर बाहेर काढला, की ही खेच ४५ किलोंवर जाते. टीव्ही तोच, भिंत तीच, खेच मात्र दहापट. आणि यात ब्रॅकेटच्या हाताचे स्वतःचे वजन किंवा टीव्ही फिरवताना बसणारे हिसके अजून धरलेलेच नाहीत. म्हणून जिथे टीव्ही फिरवण्याची खरी गरज नाही, तिथे भिंतीलगत बसणारे साधे ब्रॅकेट घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्रॅकेटवरच्या ५० किलोंच्या आकड्याचे उत्तर यातच आले. तो आकडा ब्रॅकेटच्या धातूपुरता असतो; ते ज्या भिंतीवर बसणार आहे तिची हमी तो देत नाही.

‘कोणत्याही भिंतीत’ हे दोन शब्द मला संदेशातले सर्वांत घातक वाटतात. काँक्रीट आणि भरीव वीट यांत योग्य मापाचा प्लग घट्ट बसतो, पण तिथेही गिलाव्याची जाडी हिशेबात धरावी लागते. गिलावा एक ते दोन सेंटिमीटर जाड असतो आणि त्यात भार पेलण्याची ताकद जवळजवळ नसते, त्यामुळे आखूड प्लगचा बराचसा भाग गिलाव्यातच राहिला, तर तो प्लग केवळ दिसायला घट्ट असतो. छिद्र विटेच्या मध्याजवळ यावे, दोन विटांमधल्या सांध्यात नव्हे. ड्रिलमधून लाल भुकटीऐवजी राखाडी वाळू येऊ लागली, तर सांधा लागला असे समजून जागा बदलावी. छिद्रातली भुकटी झटकून काढल्याशिवाय प्लग घालू नये. पोकळ विटेवर ड्रिल हॅमरवर, म्हणजे ठोके देत, चालवले की आतल्या पातळ भिंती फुटतात आणि प्लगला धरायला काही उरत नाही. एएसी ब्लॉकसारख्या सच्छिद्र, हलक्या ब्लॉकमध्ये साधा फुगणारा प्लग आजूबाजूचे साहित्यच चुरडतो. तिथे त्या ब्लॉकसाठी बनवलेला प्लग आणि हॅमर बंद ठेवलेले ड्रिल हवे. जिप्सम बोर्ड तर बहुधा सव्वा सेंटिमीटरच जाड असतो, म्हणून ब्रॅकेटचे स्क्रू त्यामागच्या उभ्या पट्ट्यांत जायला हवेत, किंवा बोर्डामागे आधी प्लायवूडचा आधार बसवायला हवा. भिंतीवर बोटाने ठोकून आवाज ऐकणे ही सुरुवात झाली, परंतु खरी माहिती लहान बिटाने पाडलेले पहिले छिद्र देते.

टीव्हीच्या पाठीवरच्या छिद्रांचे अंतर ‘व्हेसा’ नावाच्या ठरलेल्या मापांत असते: १०० बाय १००, २०० बाय २००, ४०० बाय ४०० मिलिमीटर वगैरे. ब्रॅकेट त्या मापाला जुळणारे हवे. स्क्रूची जाडी आणि लांबी टीव्हीच्या माहितीपत्रकात दिलेली असते, ती पाहिल्याशिवाय हाताला येईल तो स्क्रू घुसवू नये. फार लांब स्क्रू आतले भाग फोडतो, आणि फार आखूड स्क्रू दोन-तीन आट्यांवरच लटकून राहतो.

वायरीबाबतचा सल्ला आगीला निमंत्रण देणारा आहे. टीव्हीसोबत येणारी विजेची लवचिक दोरी उघड्यावर वापरण्यासाठी असते, गिलाव्याखाली कायमची गाडण्यासाठी नव्हे. टीव्हीच्या मागेच सॉकेट काढून घ्यावे, किंवा वायर भिंतीवर बसवलेल्या पोकळ पट्टीतून न्यावी. छिद्र पाडण्यापूर्वीही सॉकेट आणि बटणांच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल लावू नये, कारण भिंतीतल्या वायरी बहुधा त्याच रेषेत जातात. वायर शोधणारे उपकरण वापरावे आणि त्या भागाचा वीजपुरवठा बंद ठेवावा.

मुलांविषयीच्या मुद्द्यात तथ्य आहे, हे मान्य करायला हवे. टेबलावर किंवा खणांच्या कपाटावर मोकळा ठेवलेला टीव्ही मूल खण उघडून वर चढल्यास त्याच्या अंगावर उलटू शकतो, आणि भिंतीवर पक्का बसवलेला टीव्ही हा धोका टाळतो. मात्र कच्च्या भिंतीत बसवलेला टीव्ही मुलाने हात न लावताही पडू शकतो. भिंत भरवशाची नसेल, तर टीव्ही बुटक्या, रुंद बैठकीवर ठेवून पाठीमागून पट्ट्यांनी बांधणे अधिक सुरक्षित आहे.

टीव्ही अडकवण्यापूर्वी रिकामे ब्रॅकेट दोन्ही हातांनी, हळूहळू जोर वाढवत, खाली आणि पुढे ओढून पाहावे. ते जराही हलले, किंवा स्क्रू आवळताना प्लग जागच्या जागी फिरला, तर त्या छिद्राचा नाद सोडून दुसरी जागा शोधावी. सगळे पक्के वाटले, की पट्टीच्या कडेने भिंतीवर पेन्सिलची बारीक रेघ ओढून ठेवावी. काही महिन्यांनी पट्टी त्या रेघेवरून सरकलेली दिसली, किंवा वरच्या कडेला भिंत आणि धातू यांच्यात फट पडलेली दिसली, तर टीव्ही त्याच दिवशी खाली उतरवावा.