मासळी आली, बाई!

जानेवारीत दहावीच्या पूर्वपरीक्षेचे गठ्ठे संपवून मी मान वर काढते न काढते, तोच आमचे शिपाईमामा टेबलावर बुटांचा एक रिकामा खोका आणून ठेवतात. रिकामा म्हणजे बुटांपुरता रिकामा. आत चिठ्ठ्या खच्चून भरलेल्या. वर आकाशी कागद, त्यावर स्केचपेननं काढलेला एक मासा, जो दरवर्षी वांग्यासारखा दिसतो.

"बाई, मासळी आली," मामा म्हणतात. "निवडून घ्या."

निरोप समारंभातल्या फिशपॉन्डची चाळणी हे काम गेली 17 वर्षं माझ्याकडे आहे. कॉलेजात याला कोणी शेलापागोटे म्हणतात; आमच्या कृष्णाकाठच्या शाळेत ते 'फिशपाँड'च. मुलांनी एकमेकांवर निनावी चिठ्ठ्या लिहायच्या आणि कार्यक्रमात त्या माइकवरून वाचायच्या. 'मराठीची बाई, म्हणजे विनोद कळत असणार' या गैरसमजातून हे माझ्या गळ्यात पडलं.

निनावी हा शब्द मुलांच्या भाबडेपणाची कमाल आहे. पाचवीपासून ज्यांच्या वह्या मी तपासतेय, त्यांनी डाव्या हातानं लिहिलं काय नि पट्टी धरून लिहिलं काय! अक्षर लपवता येतं हो, शुद्धलेखन कुठं लपवणार? 'आशिर्वाद' लिहिणारे वर्गात अठ्ठावीस, 'आर्शिवाद' लिहिणारा एकच. त्याच्या सातही चिठ्ठ्या मी पाच मिनिटांत वेगळ्या काढल्या. सवयीनं त्यातल्या वेलांट्याही लाल पेननं दुरुस्त केल्या. मामा चहा ठेवताना म्हणाले, "बाई, फाडूनच टाकायच्या त्या. वेलांट्या कशाला दुरुस्त करताय?" मामांचं शुद्धलेखनाविषयी हेच मत कायम आहे. दरवर्षी ते रजेचा अर्ज आधी माझ्यासमोर धरतात, "एकदा नजर टाका," म्हणतात, आणि मी 'विनंती'ची वेलांटी बदलली की, "साहेब कुठं एवढं बघतात," असं पुटपुटत निघून जातात.

यंदा चिठ्ठ्या निघाल्या 118. मुख्याध्यापकांचा नियम असा की रंग, वजन, उंची, जात, घरची परिस्थिती, मार्क आणि प्रेम यांवर काही चालणार नाही. नियम योग्यच आहे, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. फक्त तो लावल्यावर हातात 9 चिठ्ठ्या उरल्या. त्यातल्या दोन कोऱ्या होत्या.

मी त्या सरांपुढे ठेवल्या. सर म्हणाले, "छान. पण बाई, कार्यक्रम रंगला पाहिजे हं."

मग रात्री जेवणं आटोपल्यावर ओट्याशी उभी राहून मी स्वतःच फिशपॉन्ड लिहायला घेतले. बी.एड.ला हे कोणी शिकवलं नव्हतं. मुलांवर लिहायची भीती वाटली, म्हणून सहकाऱ्यांवर लिहिले. गणिताच्या सरांवर : 'सरांच्या घरचं मीठ संपलं तर ते शेजारी मागायला जात नाहीत. समजा, मीठ क्ष आहे, असं म्हणून जेवतात.' आणि कोणाला संशय नको म्हणून एक स्वतःवर : 'बाईंच्या तासाला वेळ कसा जातो ते कळतच नाही.'

समारंभाच्या दिवशी मुली आईच्या साड्या नेसून येतात. आदल्या दिवसापर्यंत वेण्या घालून येणारी पोर पदर सावरत समोर उभी राहिली की एकदम 'अहो' म्हणावंसं वाटतं. एका साडीला सरासरी नऊ पिना असतात आणि त्यातली एक कार्यक्रमात कोणाला तरी टोचतेच. मुलगे काकाच्या लग्नातले कोट घालून येतात, त्यामुळे हात दिसत नाहीत. हातात बटाटेवडा आणि जिलेबी दिल्यावर तेवढे ते बाहेर येतात.

भाषणं सालाबादप्रमाणे. "जड अंतःकरणानं" आणि "मातीच्या गोळ्याला आकार". एकानं घाईत "मातीच्या अंतःकरणाला" म्हटलं, ते मला जास्त आवडलं. मग बॅचतर्फे शाळेला भेट. भेट म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. शाळेला आजवर इतकी घड्याळं मिळाली आहेत की प्रत्येक वर्गात आपापली वेळ चालू असते. आठवी ब मध्ये कायम सव्वातीन.

फिशपॉन्ड सुरू झाले. मीठ चाललं. गणिताचे सर रुमालात तोंड घालून हसले, मग कोणी लिहिलं असेल म्हणून दहावी अ कडे रोखून बघत राहिले. मग निवेदकानं माझी चिठ्ठी वाचली : "बाईंच्या तासाला वेळ कसा जातो ते कळतच नाही." सभागृहात शांतता. आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "घड्याळ बंद आहे, बाई!"

त्या दिवशीचा सगळ्यात मोठा हशा. तोही मी न लिहिलेल्या वाक्याला.

त्यानंतर 'वीस वर्षांनी कोण कुठे' हा भाग. पुढच्या आयुष्याबद्दल बोलताना मुलं निर्धास्त असतात. एक जण मंत्री होऊन याच शाळेचं पुन्हा एकदा उद्घाटन करणार. एक जण एस.टी. चालवणार आणि गाडी रोज पहिला तास संपल्यावरच पोचणार. एक डॉक्टर होणार आणि पेशंटलाच हळूच विचारणार, "तुझं काय आलं गं उत्तर?" यातल्या डॉक्टरबाई पहिल्या बाकावर बसून खदखदून हसत होत्या. पिन बहुधा तेव्हाच सुटली.

भविष्य सांगायचा नाद मुलांनाच आहे असं नाही. 2016 पासून काही वर्षं सरकारनंही दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. त्यात एका मुलाचा कल निघाला 'गणवेशधारी सेवा'. पाच वर्षांत ज्याचा सदरा एकदाही पॅन्टच्या आत गेला नाही, पट्टा नेहमी दप्तरात, आणि ज्याच्या पायात स्लिपर बघून पी.टी.च्या सरांनी बोलणंच सोडलं होतं, तो हा. आम्ही स्टाफरूममध्ये पोट धरून हसलो. आज बाजारपेठेत त्याचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. माझ्या मुलाचे दोन जोड त्याच्याकडूनच घेतले. पैसे पूर्ण घेतले त्यानं.

शेवटी रडारड. मुली एकमेकींच्या गळ्यात, मुलगे कोटाच्या बाहीत. मीही थोडी रडते. 17 वर्षांत एकदाही चुकवलेलं नाही. पण मनातून मला ठाऊक असतं की ही मंडळी चार दिवसांत परत येणार. कोणी प्रात्यक्षिकाला, कोणी जर्नलवर सही राहिली म्हणून, मग सगळे हॉल तिकिटाला, निकालाला. खरा निरोप पावसाळ्यात ऑफिसच्या खिडकीशी होतो, शाळा सोडल्याचा दाखला घेताना. तिथं कोणी रडत नाही. "सुट्टे नाहीत का?" एवढंच बोलणं होतं.

आता मूळ मुद्दा. कार्यक्रम संपता संपता निवेदकानं खोक्यात हात घातला आणि शेवटची चिठ्ठी काढली. ती मी लिहिलेली नव्हती. निवडलेल्या सातांतलीही नव्हती. कोणीतरी चाळणीनंतर आत सोडलेली.

"बाई स्वर्गात गेल्या, तर दारावरच्या पाटीतली वेलांटी दुरुस्त करूनच आत पाऊल टाकतील."

सभागृह डोक्यावर घेतलं पोरांनी. गणिताच्या सरांनी तर टाळ्या वाजवताना माझ्याकडे बोट केलं. मुख्याध्यापक मागे वळून म्हणाले, "बाई, यंदा चाळणी छान झाली."

चिठ्ठी मी पर्समध्ये घालून घरी आणली आणि दिव्याखाली धरली. छापील वाटावं असं गोल, सुटं अक्षर. आणि एकही चूक नाही. 'वेलांटी' बरोबर, 'दुरुस्त' बरोबर, स्वल्पविराम जागच्या जागी. दहावीतली चौसष्ट मुलं मी एकेक करून डोळ्यांसमोर आणली. स्वल्पविराम देणारं त्यात कोणी नव्हतं. पूर्णविरामापाशीच आमची अडचण आहे. स्टाफरूममधलेही सगळे तपासले, पण तिथली परिस्थिती फार वेगळी नाही.

सोमवारी मामा आले. चहा ठेवला आणि नेहमीसारखा कागद पुढे केला. पुतणीच्या लग्नासाठी चार दिवसांची रजा.

"एकदा नजर टाका, बाई."

मी लाल पेनचं टोपण काढलं. 'विनंती' बरोबर होती.