पीस दोन, रस्सा बंद

रक्तातलं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनी थकलीय म्हटल्यावर मटण सुटलंच, असं मी मनाला समजावून टाकलं होतं. पण आहारतज्ज्ञ बाईंनी माझं वजन विचारलं. ६० किलो. मग किलोमागं ०.८ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ४८ ग्रॅम प्रथिनं असा हिशेब मांडून त्यांनी अस्सल बेळगावी निकाल दिला, "पीस एरडू, सर. सारू बेडा."

दोन पीस चालतील, रस्सा नको! अहो, आमच्या सीमाभागात मटण शिजतं तेच मुळी रस्स्यासाठी. पीस असतात ते रस्स्याला चव यावी म्हणून, आणि कुठल्या पाहुण्याला किती मान द्यायचा ते वाढताना दाखवता यावं म्हणून.

कारण मात्र बिनतोड होतं. मटण उकळलं की त्यातलं पोटॅशियम, फॉस्फरस बरंचसं पाण्यात उतरतं, आणि थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकणं जड जातं. मीठ त्यातच. वर तांबड्यात टोमॅटो नि सुकं खोबरं, पांढऱ्यात नारळाचं दूध, म्हणजे पोटॅशियमची आणखी भर. तेव्हा मटण उकळायचं, पाणी ओतून द्यायचं आणि पीस सुके परतायचे. तेही बेतानं, कारण शिजलेल्या १०० ग्रॅम मटणात साधारण २५ ग्रॅम प्रथिनं. निम्मा कोटा तिथंच खलास. उरलेल्यात आमटी, दही, भाकरी बसवा.

पहिल्या रविवारी बायको पातेलं घेऊन मोरीपाशी उभी राहिली. हळदीचं पाणी, वर चरबीचे पिवळे डोळे, आल्या-लसणाचा वास. तिचा हात काही वाकेना. शेवटी मेहुण्यानं पातेलं काढून घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि फुंकर मारत उभ्या उभ्या सगळं संपवलं. आता दर रविवारी तो मटणाच्या पिशवीच्या आधी घरात हजर असतो. माझ्या पथ्यानं त्याची तब्येत सुधारली.

शेजारच्या काकूंनी मायेनं 'लो सोडियम' मीठ आणून दिलं. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं. बाईंनी पाकीट बघूनच हात जोडले.

खरी कसोटी बेळगावातल्या वडगावच्या मंगाई देवीच्या यात्रेत. आत्या पळी घेऊन डोक्याशी. "पीस नको तर ऱ्हाऊ दे बाबा, निस्ता रस्सा घे. रस्स्यानं काय होतंय?" आजाऱ्याला मटणाचं अळणी पाणी पाजून उठवायचं, ही तिच्या घरची तीन पिढ्यांची डॉक्टरकी. पीस चालतात आणि पाणी चालत नाही, हे ऐकून तिनं माझ्याकडं असं बघितलं की दुखणं किडनीचं नसून वरच्या मजल्याचं आहे.

मी शेवटचा हुकमी पत्ता टाकला. शिजलेलं मटण खाल्लं की काही तास रक्तातलं क्रिएटिनिन वर जातं, म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी खायचं नसतं. आणि माझी तपासणी उद्याच सकाळी.

आत्यानं पळी तशीच हवेत धरली. क्षणभर विचार केला.

"मग रक्त आठ दिसांनी दे की. मंगाई काय आठ दिस थांबणार हाय?"