दोन चिमणाबाई आणि ग्वाल्हेरची तार

माझी भाची गेली दोन वर्षे एक ऐतिहासिक कादंबरी लिहीत आहे आणि तिच्या हस्तलिखिताची पहिली दोनशे पाने तिने गेल्या महिन्यात माझ्याकडे वाचायला दिली. विषय आमच्या बडोद्याचाच आहे: महाराजा सयाजीराव गायकवाड, महाराणी चिमणाबाई आणि त्यांच्या मुलीची, इंदिराराजे यांची, ग्वाल्हेरशी ठरलेली आणि मोडलेली सोयरीक. भाषा स्वच्छ आहे, वाड्यातली माणसे वाड्यातल्या माणसांसारखीच बोलतात आणि काही प्रसंग तर मी पुन्हा पुन्हा वाचले. तरीही पाने परत देताना मी तिला एक गोष्ट स्पष्ट सांगितली, की तिने महाराणींवर अन्याय केला आहे. तिच्या कादंबरीत सयाजीराव उदार, सोशिक आणि मनातून मुलीच्या बाजूचे आहेत, तर चिमणाबाई हट्टी, मानी आणि घराण्याच्या इभ्रतीपुढे मुलीचे मन न ओळखणाऱ्या आहेत. ती म्हणाली, "मावशी, कथा पुढे सरकायला आडवे येणारे कोणीतरी लागतेच ना." त्या वाक्याने मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

राजघराण्यातल्या लग्नात ताण दिसला, की तो कोणातरी एकाच्या माथी मारायचा ही आपल्या ऐतिहासिक कथालेखनाची जुनी सवय आहे. कधी ती सवत असते, कधी सासू, कधी कान भरणारा कारभारी. वाचकालाही ते सोयीचे जाते, कारण राग धरायला एक चेहरा मिळतो. पण राजघराण्यातले लग्न हे निम्मे कुटुंबाचे आणि निम्मे राज्याचे असे, आणि हे दोन्ही भाग बहुतेक वेळा एकाच माणसाच्या मनात असत. बडोद्याचेच उदाहरण घ्यायचे तर तेव्हाचे राजे मल्हारराव गायकवाड यांनी १८७४ मध्ये लक्ष्मीबाईंशी लग्न केले, तेव्हा त्या बाईंचा पहिला नवरा हयात असल्याची तक्रार पुढे आली आणि रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअर लग्नाला गेला नाही. एका माणसाने मांडवात पाऊल न ठेवणे हा राजकीय निर्णय होता आणि त्याचा अर्थ बडोद्यातल्या प्रत्येक दरबाऱ्याला कळला होता. पुढच्याच वर्षी याच फेअरवर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून मल्हाररावांची चौकशी झाली, ते पदच्युत झाले आणि त्यांचे थोरले भाऊ खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी नाशिककडच्या कवळाण्याच्या गोपाळरावाला दत्तक घेतले. हाच बारा वर्षांचा मुलगा पुढे सयाजीराव झाला. म्हणजे ज्या पुरुषाच्या संसाराविषयी आपण बोलत आहोत, त्याचे गादीवर येणेच मुळी एका वादग्रस्त लग्नाच्या आणि रेसिडेन्सीच्या छायेत घडले होते.

आता चिमणाबाईंकडे येते. आमच्या गावात जन्मलेल्या माणसालासुद्धा कित्येकदा ठाऊक नसते, की चिमणाबाई दोन होत्या. पहिल्या तंजावरच्या, माहेरच्या लक्ष्मीबाई. १८८० मध्ये त्यांचे लग्न झाले, त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी बडोद्यात आल्या, १८८३ मध्ये फत्तेसिंहराव झाले आणि १८८५ मध्ये त्या क्षयाने गेल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस सयाजीरावांचे दुसरे लग्न देवासच्या घाटग्यांच्या मुलीशी, गजराबाईंशी झाले आणि सासरी तिलाही चिमणाबाई हेच नाव मिळाले. लग्नानंतर नाव बदलणे आपल्याकडे नवे नाही, हे मी जाणते. पण पाळण्यात सवतीचे दोन वर्षांचे मूल आणि स्वतःला त्या सवतीचेच नाव, अशा घरात गृहप्रवेश करणाऱ्या कोवळ्या मुलीच्या मनाचा ठाव कोणी घेतला आहे का? पुढे १८९६ मध्ये रावपुऱ्यात घड्याळाचा मनोरा उभा राहिला तो पहिल्या चिमणाबाईंच्या स्मरणार्थ. न्यायमंदिराची भव्य इमारतही त्यांच्याच नावाची, तिच्या मधल्या दालनात पुतळाही त्यांचाच. दुसऱ्या चिमणाबाई या शहरात पन्नासहून अधिक वर्षे वावरल्या त्या दुसऱ्या स्त्रीसाठी बांधलेल्या इमारतींवर स्वतःचे नाव वाचत. भाचीच्या दोनशे पानांत या गोष्टीला जेमतेम एक परिच्छेद आला आहे. माझ्या मते कादंबरीचा पाया इथेच आहे, कारण स्वतःचे असे काहीतरी हवे, ही या स्त्रीची आयुष्यभराची ओढ इथूनच समजू लागते.

आणि हे वैर नव्हते, हेही लिहिणाऱ्याने विसरू नये. सयाजीरावांनी त्यांना शिकवले, परदेश प्रवासात बरोबर नेले, दोघांनी मिळून पडदा सोडला. ज्या राज्यात १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला आणि १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, त्या राज्याच्या या महाराणी होत्या. १९११ मध्ये त्यांच्या नावाने, सहलेखकासह, भारतीय स्त्रीच्या स्थितीविषयी एक इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

त्या १९११ या वर्षाजवळ मी थोडी थांबते, कारण माझा सारा आग्रह या एका वर्षाविषयी आहे.

इंदिराराजे तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांचे लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरले होते. माधवराव त्यांच्याहून सुमारे पंधरा वर्षांनी मोठे होते आणि त्यांची पहिली राणी हयात होती. मूल नव्हते, म्हणून हे दुसरे लग्न. मराठा राजकारणाच्या दृष्टीने याहून मोठी सोयरीक शोधून सापडली नसती: शिंदे आणि गायकवाड, मराठेशाहीच्या विस्तारातून उभी राहिलेली दोन बलाढ्य घराणी. शिवाय माधवरावांवर इंग्रज सरकारची मर्जी होती आणि सयाजीरावांवर संशय. पुढे क्रांतिकारक म्हणून गाजलेले अरविंद घोष तेरा वर्षे बडोद्याच्या नोकरीत होते, ही गोष्ट कलकत्त्याच्या सरकारी दफ्तरात कोणी विसरले नव्हते. त्यामुळे ग्वाल्हेरची सोयरीक ही बडोद्यासाठी एक प्रकारची ढालसुद्धा होती, असे माझे मत आहे.

त्याच सुमारास लंडनच्या न्यायालयात एका इंग्रज गृहस्थाने पत्नीविरुद्धच्या घटस्फोटाच्या दाव्यात सयाजीरावांना सहप्रतिवादी केले. ते राज्यकर्ते असल्याने आपल्याला त्यांच्यावर अधिकार चालवता येत नाही असे न्यायालयाने ठरवले, आणि त्यामुळे आरोपाच्या खरेखोटेपणाची शहानिशा झालीच नाही. पत्नीच्या दृष्टीने याहून कठीण काय असू शकते, याचा विचार करावा. आरोप सिद्ध झाला नाही आणि खोटाही ठरला नाही, तो वर्तमानपत्रांत मात्र छापून आला. बाईंनी स्त्रियांच्या स्थितीवरच्या ग्रंथाला आपले नाव दिले, ते दिवस हेच.

मग डिसेंबरात दिल्ली दरबार भरला. १२ डिसेंबरला पंचम जॉर्ज बादशहासमोर संस्थानिकांनी एकेक करून मुजरा करायचा होता. सयाजीराव फारसे दागिने न घालता, हातात काठी घेऊन गेले, एकदाच किंचित लवले आणि पाठ फिरवून परत आले. याचा चित्रपट घेतला गेला होता, विलायती वर्तमानपत्रांनी गहजब केला आणि महाराजांना खुलाशाचे पत्र द्यावे लागले. गादी राहते की जाते, अशी बोलणी उघड होऊ लागली. मल्हाररावांना पदच्युत झालेले पाहूनच ज्याचे बडोद्यातले आयुष्य सुरू झाले, त्या माणसाला या बोलण्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. आणि याच दरबाराच्या दिवसांत, दिल्लीतल्या त्याच तंबूंच्या गावात, इंदिराराजे आणि बंगालकडच्या कुचबिहारच्या महाराजांचे धाकटे भाऊ जितेंद्र नारायण एकमेकांच्या प्रेमात पडले.

इंदिराराजेंनी आईवडिलांना न विचारता माधवरावांना पत्र पाठवून लग्नाला नकार कळवला. इकडे लग्नाची तयारी चालूच होती. राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय, असे विचारणारी ग्वाल्हेरची तार बडोद्याला आली, तेव्हा आईवडिलांना ही गोष्ट पहिल्यांदा कळली.

माझ्या भाचीने हा प्रसंग आईच्या संतापाचा म्हणून रंगवला आहे. संताप झाला असेलच, तो नाकारण्याचे कारण नाही. पण त्या दालनात तार हातात घेऊन जी दोन माणसे उभी होती, त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या मनात किती गोष्टी एकाच वेळी उसळल्या असतील, याची मोजदाद करणे हे कादंबरीकाराचे काम आहे. ज्या राजाने आपल्या प्रजेसाठी बालविवाहाविरुद्ध कायदा केला, त्याने स्वतःची शिकलेली मुलगी पहिली राणी असलेल्या पुरुषाला द्यायचे ठरवले होते. एका दरबारात काही पावले चुकीची पडली म्हणून ज्याचे सिंहासन डळमळत होते, त्याच्या घरातून आता सरकारच्या मर्जीतल्या संस्थानिकाचा अपमान झाला होता. आणि आई? मुलगी जे करत होती, त्याची बीजे आईच्या ग्रंथातच नव्हती का? स्त्रीने शिकावे, स्वतःचा विचार करावा, असे जगाला सांगणाऱ्या बाईंच्या हातात तारेच्या रूपाने त्या विचाराचे फळ आले होते, आणि ते मराठा घराण्यांच्या रोटी-बेटीच्या व्यवहाराबाहेरचे होते. कुचबिहारचे घराणे मराठा नव्हते. जितेंद्र यांच्या मातोश्री सुनीतीदेवी या ब्राह्मसमाजाचे नेते केशवचंद्र सेन यांच्या कन्या, आणि त्यांच्या स्वतःच्या १८७८ मधल्या लग्नाने ब्राह्मसमाजात फूट पडली होती. म्हणजे विहिणीच्या घरीही राजकारणाने आणि कुटुंबाने कातरलेले एक लग्न होतेच. या दोन मातांना एका प्रकरणात समोरासमोर आणण्याचा मोह मला स्वतःला झाला असता.

मी भाचीला एवढेच सुचवले, की या प्रसंगात चिमणाबाईंना मोठ्याने बोलू देऊ नकोस. कादंबरीकाराला कल्पनेचा अधिकार आहेच, पण ज्या माणसांची नातवंडे-पणतवंडे आजही आहेत, त्यांच्या तोंडी क्रूर वाक्ये घालताना त्यांना काही आधार हवा. नोंद नसलेल्या जागी मौन लिहिता येते. घडी केलेले लग्नाचे शालू कोणी आवरले, मुदपाकखान्याला पाहुण्यांची यादी रद्द झाल्याचे कोणी कळवले, त्या रात्री नवराबायको एका पंगतीला जेवली का, हे सारे लिहिता येते. आणि माझ्या मनातला सर्वांत मोठा प्रश्न असा, की लंडनच्या दाव्यानंतर मनात अढी घेऊन राहणाऱ्या पत्नीला, नवऱ्याची गादी संकटात असताना, त्याच्या शेजारी उभे राहावेसे वाटले की मुलीच्या? माझी खात्री आहे की दोन्हीकडे वाटले. या ताणाला खलनायक लागत नाही.

पुढचा भाग सर्वांना माहीत असतो, म्हणून तो मी थोडक्यात सांगते. मन वळवण्याचे प्रयत्न फार दिवस चालले. शेवटी ऑगस्ट १९१३ मध्ये लंडनमध्ये लग्न झाले आणि आईवडिलांपैकी कोणीही हजर नव्हते. थोड्याच दिवसांत जितेंद्र नारायण यांचे वडीलबंधू वारले आणि इंदिराराजे कुचबिहारच्या महाराणी झाल्या. १९२२ मध्ये त्या विधवा झाल्या आणि अज्ञान मुलाच्या वतीने त्यांनी राज्यकारभार पाहिला. त्यांची मुले आजोळी बडोद्याच्या राजवाड्यात येऊन राहत. इकडे फत्तेसिंहराव १९०८ मध्येच गेले होते, त्यामागून दुसऱ्या चिमणाबाईंचे मुलगे, १९१९ मध्ये शिवाजीराव आणि १९२३ मध्ये जयसिंहराव, गेले. १९२७ मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी चिमणाबाई होत्या. १९३१ मध्ये बडोदे राज्याने हिंदूंना घटस्फोटाचा अधिकार देणारा कायदा केला. त्या कायद्यावर रात्री जेवताना पतिपत्नींचे काय बोलणे झाले असेल, यावर एक स्वतंत्र कथा लिहिता येईल, आणि ती कोणीतरी लिहावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

भाची गेल्या रविवारी पुन्हा आली होती. आम्ही दोघी संध्याकाळी न्यायमंदिरापर्यंत चालत गेलो. न्यायालय आता तिथून हलले आहे. आम्ही बाहेरूनच इमारत पाहिली आणि सूरसागराच्या काठाने परत फिरलो. तारेचे प्रकरण तिने फाडून पुन्हा लिहायला घेतले आहे. नव्या मसुद्यात तार महाराज वाचतात, घडी घालतात आणि काही न बोलता महाराणींच्या हातात देतात. त्यानंतर चिमणाबाई काय करतात, ते तिला अजून सुचलेले नाही. मी तिला म्हटले, घाई करू नकोस.