ट्रेनरवर महिन्याभरात टायर जातो? त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सायकलिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर या उन्हाळ्यात एक मेसेज खूप फिरला. आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यातल्या पालकांपर्यंतही तो पोचला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: मागच्या टायरला रोलर टेकवणाऱ्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल घरात जागेवर चालवायच्या स्टँडवर, सायकल चालवली की महिन्याभरात टायर जातो आणि चाकही वाकडं होतं. म्हणून ट्रेनरला कंडम टायरच लावा. हवा कमी ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात ट्यूब फुटेल. एमटीबी (डोंगरवाटांसाठीची माउंटन बाइक) असेल तर तिचा जाड टायर उत्तम. ट्रेनरचा खास टायर घेतलाच तर तो रस्त्यावरही वापरता येतो. आणि शेवटी, चाक काढून बसवायचा डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर परवडत नसेल तर या भानगडीत पडूच नका.

मी तालुक्याच्या ठिकाणी शाळकरी पोरापोरींचा सायकलिंगचा सराव घेतो. आमच्याकडे ट्रेनर ही चैन नाही. नवतप्यात, मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा सकाळी आठनंतर कोणाच्याही लेकराला रस्त्यावर काढायची माझी हिंमत होत नाही. पावसाळ्यात शेतातल्या ट्रॅक्टरांनी डांबरावर आणलेली काळी माती सायकल आडवी करते. अशा दिवसांत सराव टिकतो तो ट्रेनरवर. हा मेसेज वाचून लोक ट्रेनर माळ्यावर टाकायला लागले, म्हणून उत्तर लिहितो आहे.

पहिला मुद्दा, महिन्याभरात टायर जातो हा. ट्रेनरवर टायर रस्त्यापेक्षा जास्त तापतो आणि जास्त झिजतो, हे खरं आहे. रस्ता सपाट असतो, रोलर असतो बारीक आणि गोल. तो टायरमध्ये खोल रुततो, रबर प्रत्येक फेऱ्याला दबतं-उठतं आणि त्याची उष्णता होते. वरून घरात वारा लागत नाही. पण एवढ्याने टायर महिन्यात संपत नाही. टायर संपतो तो घसरण्याने. पोट्ट्याने जोर लावला, चाक फिरलं आणि रोलर मागे राहिला, की त्या जागी रबर खरवडलं जातं.

हे ओळखायला उपकरण लागत नाही. सराव झाल्यावर रोलरखाली वाकून बघा. बारीक काळी भुकटी पातळशी पसरली असेल तर ती नेहमीची झीज आहे. खोडरबराच्या चुऱ्यासारख्या वळलेल्या काळ्या अळ्या पडल्या असतील आणि जळकट वास येत असेल, तर टायर घसरतो आहे. आमच्याकडे एक पोरगी सरावातच थांबून म्हणाली, "सर, टायर जयते वाटते जी." उतरवून पाहिलं तर हवा निम्म्याहून कमी होती आणि रोलर नुसता टेकलेला होता. हवा भरली, रोलरचा स्क्रू आवळला आणि वास गेला. टायर तोच.

रोलर किती आवळायचा? टायरला टेकल्यावर साधारण दोन ते तीन आटे, पण ट्रेनरसोबतच्या कागदावर जे लिहिलं असेल ते आधी पाळा. मग एका हाताने चाक घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने रोलरचं जड चाक फिरवून बघा. टायरवरून सटकलं तर अजून थोडं आवळा. सटकत नसेल तर तिथेच थांबा, जास्त आवळल्याने टायर उगाच तापतो. सराव संपला की रोलर ढिला सोडायचा, नाहीतर टायर एकाच जागी दबून राहतो. पांदण रस्त्यावरून आलेली सायकल तशीच ट्रेनरवर चढवू नका. टायरला चिकटलेला फुफाटा रोलरवर पॉलिश पेपरचं काम करतो, आणि चेनचं तेल टायरवर उडालं असेल तर पकड उरतच नाही. ओल्या फडक्याने टायर पुसा, रोलरला स्पिरिटचा बोळा फिरवा.

आता हवा कमी ठेवण्याचा सल्ला. हा सगळ्यांत चुकीचा आहे आणि पटकन पटतो म्हणून जास्त नुकसान करतो. गरम झाल्यावर हवेचा दाब वाढतो हे बरोबर, पण किती वाढतो ते कोणी मोजत नाही. ३० अंशांच्या खोलीत ८० पीएसआय (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) हवा भरली आणि आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली असं धरा. दाब जातो ८९ च्या आसपास. म्हणजे नऊ-दहा पीएसआयची वाढ. टायरच्या बाजूला जो कमाल दाब छापलेला असतो त्याच्या दहा-पंधरा खाली भरलं की हिशेब मिटला.

उलट हवा कमी असली की रोलर आणखी खोल रुततो, टायरच्या भिंती जास्त वाकतात, जास्त तापतात आणि घसरणही वाढते. ज्या उष्णतेच्या भीतीने हवा काढली, तीच उष्णता वाढवून ठेवली. २५ मिलिमीटरच्या रोड टायरला ९० ते १०० पीएसआय, ३२ ते ३५ च्या हायब्रिड टायरला ६० ते ७०, असा साधारण अंदाज ठेवा आणि टायरवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्याची आपल्याकडे सवय आहे. पंक्चरच्या दुकानात दिवसभर मोटारसायकली येतात, त्यांच्या टायरात तिशीच्या आसपास हवा असते आणि अंगठ्याला तेवढीच कडक लागते. सायकलला गेजचा, म्हणजे दाबाचा आकडा दाखवणारा पंप हवा. ट्यूबमधून हवा हळूहळू निघतच असते, म्हणून बसण्याआधी दर वेळी बघायची.

खोलीचं म्हणाल तर टिनाखाली दुपारी दोनला सराव ठेवूच नका, टायरसाठी नाही, पोरांसाठी. पहाटे ठेवा, दार-खिडकी उघडी ठेवा, पंखा अंगावर घ्या. कूलरमध्ये पाणी भरून बंद खोलीत बसलात तर दमटपणा वाढतो, घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही.

कंडम टायर लावा, यात अर्धं तथ्य आहे. झिजून मधोमध गुळगुळीत झालेला टायर ट्रेनरला खरोखर चांगला. रस्त्यावर त्याची भीती वाटते, इथे तो रोलरवर सपाट बसतो. पण झिजलेला आणि खराब हे दोन वेगळे टायर आहेत. अंगणात उन्हात वर्षभर पडलेल्या सायकलच्या टायरच्या भिंतीवर बारीक भेगा पडतात, आतले धागे दिसायला लागतात. तो टायर पूर्ण हवा आणि उष्णता सहन करणार नाही. टायर दोन्ही हातांत वाकवून उजेडात धरा. भेग उघडली, धागा दिसला किंवा कुठे फुगवटा आला असेल तर तो फेका. बाभळीचा काटा आत मोडून राहिलाय का, तेही बोट फिरवून पाहा.

जाड टायरची गोष्ट लवकर संपते. एमटीबीच्या गाठीगाठींच्या टायरचा रोलरशी पूर्ण संपर्कच येत नाही. गाठीमागून गाठ आपटते, सायकल थरथरते, आवाज शेजारच्या घरात जातो आणि गाठींच्या कडा झपाट्याने उडतात. एमटीबीला गुळगुळीत टायर चढवा, एवढाच उपाय.

इथे मापाचं बघाच, कारण आपल्याकडे नेमकी इथे फसगत होते. जुन्या काळ्या सायकलचा २८ चा टायर आणि ऑनलाइन मिळणारा ७०० बाय २८ चा रोड टायर यांचा एकमेकांशी संबंध नाही. टायरच्या बाजूला दोन आकडे जोडून लिहिलेले असतात, त्यातला दुसरा आकडा म्हणजे रिमचं माप. काळ्या सायकलचा ६३५ असतो, ७०० सीचा आणि २९ इंची एमटीबीचा ६२२, साडेसत्तावीसचा ५८४, २६ इंची एमटीबीचा ५५९. ६२२ चा टायर ६३५ च्या रिमवर चढणार नाही, कितीही ओढा. आणि काळ्या सायकलच्या मागच्या नटावर कॅरियर, स्टँड, मडगार्डच्या काड्या असं सगळं आवळलेलं असतं, त्यामुळे ट्रेनरचे कप नीट बसत नाहीत. ती ट्रेनरसाठी धरूच नका.

चाक वाकडं होतं, ही भीती तर मला कळतच नाही. सायकल ट्रेनरवर लावली की मागचा अॅक्सल (चाकाच्या मधला दांडा) ट्रेनरच्या दोन कपांत आवळला जातो आणि बसणाऱ्याचं वजन तिथून थेट स्टँडवर उतरतं. चाकावर राहतो तो रोलरचा दाब आणि पायांचा जोर. खड्डा नाही, गतिरोधक नाही, ब्रेकने रिम तापणंही नाही. आमच्या तालुक्याच्या कोणत्याही रस्त्यावर चाकाला यापेक्षा कितीतरी जास्त सोसावं लागतं. ट्रेनरवर चाक डुगडुगताना दिसलं तर ते आधीपासूनच आउट, म्हणजे वाकडं आहे, फक्त रोलरजवळ नजरेत आलं. मेकॅनिककडून आउट काढून घ्या.

काळजी घ्यायची तर अॅक्सलची घ्या. ट्रेनरसोबत स्टीलचा क्विक रिलीज (चाक धरणारा खटक्याचा दांडा) मिळतो तोच लावा, सायकलचा हलका दांडा कपांत नीट धरला जात नाही. चाकातून आरपार जाणारा जाड थ्रू अॅक्सल असलेल्या सायकलला वेगळा अडॅप्टर लागतो. घामही बघा. हँडलवर, बोल्टांवर खारट घाम टपटपतो आणि गंज धरतो. हँडलवर टॉवेल टाका, उतरल्यावर सायकल पुसा.

ट्रेनरचा टायर रस्त्यावर वापरा, हे ज्याने लिहिलं त्याने ते आजच मागे घ्यावं. ट्रेनरच्या टायरचं रबर मुद्दाम कडक केलेलं असतं, उष्णता सोसावी आणि कमी झिजावं म्हणून. तो कडकपणाच रस्त्यावर घात करतो. वळणावर आणि ओल्या डांबरावर त्याला पकड नसते, आणि असे टायर बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच रस्त्यावर वापरू नका असं सांगतात. पहिल्या पावसात, मातीचा राड झालेल्या वळणावर एखादं लेकरू ट्रकसमोर घसरलं तर? रोज ट्रेनरवर बसणाऱ्याने हा टायर जरूर घ्यावा, पण शक्य तर जुन्या चाकावर कायमचा चढवून ठेवावा, म्हणजे रस्त्यावर जाताना चाकच बदलता येतं. आठवड्यातून दोन-तीनदा बसणाऱ्याला साधा गुळगुळीत टायर पुरतो.

राहिला डायरेक्ट ड्राइव्ह. त्यात चाक काढून चेन थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (गिअरच्या दातेरी चक्रांच्या संचावर) चढते, टायरचा प्रश्नच उरत नाही, आवाज कमी, पायांची ताकद किती वॉट लागली याचं मोजमाप जास्त भरवशाचं. चांगलं यंत्र आहे. पण किंमत कितीतरी पट, आणि आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त गिअरच्या सायकलींना आट्यांवर फिरवून बसवायचा सात गिअरचा फ्रीव्हील असतो. ट्रेनरवरची कॅसेट त्याच्याशी जुळवून घेणं हे वेगळंच काम होऊन बसतं. असे ट्रेनर बहुतेक मोबाइलला जोडायचे स्मार्ट ट्रेनर असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना वीजही लागते. टायरला टेकणारा साधा मॅग्नेटिक (चुंबकाने अडवणारा) किंवा फ्लुइड (द्रवाने अडवणारा) ट्रेनर विजेशिवाय चालतो, भारनियमनातही सराव थांबत नाही. ज्यांनी त्या मेसेजमुळे तो माळ्यावर टाकलाय त्यांनी खाली काढावा, रोलर पुसावा, गेज लावून हवा भरावी आणि उद्या पहाटे पोरांना बसवावं.