नोंद झाली म्हणजे लसीनं झालं असं नव्हे

तासगावकडच्या आमच्या पालकांच्या ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय: 'लस सुरक्षित असेल तर दुष्परिणाम नोंदवायला अ‍ॅप कशाला? त्यातल्या नोंदी हाच पुरावा. सगळं दडपतात. बाळाला डोस देऊ नका.' मी आरोग्यसेविका आहे, अंगणवाडीत बसून डोस देते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

'नोंदी हाच पुरावा.' नाही. डोसानंतर जे काही झालं ते लिहायचं, लसीमुळे झालं का हे नंतर तपासायचं, अशी पद्धत आहे. पेंटानंतर (पाच रोगांवरची एकत्र लस) रात्री ताप, मांडीला गाठ हे लसीचंच. पण त्याच आठवड्यात जुलाब लागले तर तेही लिहिलं जातं. बाळ भरती झालं तर 24 तासांत कळवावं लागतं आणि कारण तज्ज्ञांची समिती ठरवते.

'सुरक्षित असेल तर नोंद कशाला?' चाचणी काही हजार बाळांवर होते. फार क्वचित होणारा त्रास तिथे दिसत नाही. अमेरिकेत 1998 मध्ये रोटाव्हायरसची एक लस आली. आतड्यात आतडं अडकल्याच्या 15 नोंदी तिथल्या यंत्रणेत जमल्या आणि जुलै 1999 मध्ये लस थांबवली. फक्त 15! आईबापांनी, डॉक्टरांनी कळवलं म्हणून पुढची बाळं वाचली. आपल्याकडचे रोटाचे थेंब त्या लसीचे नाहीत.

'मग वहीत लिहा, मोबाइल कशाला?' पावसाळ्यात ओल्या हातानं लिहिलेला बॅच नंबर फुटतो. 3 की 8, मलाच कळत नाही. गोवर-रुबेलाची कुपी द्रावण मिसळल्यावर चार तासांत टाकायची असते. ती चुकून पुढे वापरली आणि दोन गावांत दोन बाळांची गाठ पिकली, तर दोन वह्या समोरासमोर यायला किती दिवस जातील? बॅच, वेळ, गाव एकाच ठिकाणी असलं की चूक लसीची की आमच्या हाताची, हे लवकर उघडं पडतं. मला ते हवंय.

'दडपतात.' यात थोडं खरं आहे. पुष्कळ त्रास लिहिलेच जात नाहीत. मागे एक आई म्हणाली, "बाई, पोराला आकडी आली होती, पण तुमच्यावर येईल म्हणून बोलले नाही." मला रात्रभर झोप आली नाही. असल्या मेसेजनं अशा आया आणखीच गप्प बसतील.

डोसानंतर अर्धा तास थांबा, कार्डाचा फोटो काढून ठेवा. आकडी, दम किंवा न थांबणारं रडणं दिसलं तर आधी दवाखाना, मग मला फोन. मी कळवलं नाही असं वाटलं तर 1800-180-3024 या दुष्परिणाम नोंदवायच्या हेल्पलाइनवर तुम्ही स्वतः कळवा.