ताटातलं काढू नका, डाळ वाढा

2025 च्या स्वातंत्र्यदिनाला कल्याण-डोंबिवलीसह राज्यातल्या काही महापालिकांनी मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचे आदेश काढले, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात दोन तट पडले. आठवडाभर कोणी कोणाचं ऐकेना. त्याच वर्षी जानेवारीत राज्य सरकारनं शालेय पोषण आहारातल्या अंड्यांसाठीचा निधी थांबवला होता. अंडी द्यायचीच असतील तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं होतं. त्या बातमीवर मात्र गटात कोणी चकार शब्द काढला नव्हता. एकीकडे एका दिवसाच्या बंदीवर एवढं रान उठतं आणि दुसरीकडे लाखो मुलांच्या ताटातलं अंडं गपचूप जातं, हे मला फार लागलं.

दोन्ही वेळा कुठून ना कुठून एक वाक्य ऐकू आलं: "प्रथिनं काय, डाळीतूनही मिळतात." हेच वाक्य मी इथे कॅनडात लोकांना सांगत असते, आणि मनापासून सांगते. तिकडे ते ज्या कामाला जुंपलं जातंय, त्याला माझा विरोध आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

मी सॅस्काटूनला राहते. सॅस्कॅचवन प्रांतातलं हे शहर, चहूकडे सपाट माळ. कॅनडातला बहुतेक सगळा मसूर या एका प्रांतात पिकतो आणि मसूर निर्यात करण्यात कॅनडा जगात पहिला आहे. गंमत म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वी इथे हे पीक जवळजवळ नव्हतंच. गहू काढला की ओल साठावी म्हणून पुढचं वर्ष रान पडीक ठेवायची रीत होती. 1972 मध्ये अल स्लिंकार्ड नावाचे शास्त्रज्ञ इथल्या विद्यापीठात आले आणि त्यांनी डाळवर्गीय पिकांवर काम सुरू केलं. 1978 मध्ये मोठ्या हिरव्या दाण्याचा 'लेअर्ड' हा मसुराचा वाण आला. कमी पावसाचं हे रान मसुराला मानवलं. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, त्यामुळे खत कमी लागतं आणि त्यानंतरच्या गव्हालाही फायदा होतो. पडीक रानात पीक उभं राहिलं. पुढे लाल मसूर आला आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक ठरला आपला देश.

मे महिन्यात पेरणी, ऑगस्टमध्ये कापणी. गुडघ्याच्याही खाली राहणारं नाजूक झाड, पण शेत नजर पोचेल तिथपर्यंत. इथल्या शेतकऱ्याला भारतातल्या आयात शुल्काचे आकडे तोंडपाठ असतात. डिसेंबर 2017 मध्ये दिल्लीनं मसूर आणि हरभऱ्यावर 30 टक्के शुल्क लावलं, तेव्हा इथल्या गावागावांत त्याचीच चर्चा होती. मुंबई बंदरात उतरलेला मसूर गिरणीत भरडला जातो, आणि आपण त्याची आमटी करतो तेव्हा तो कुठून आला हे आपल्या गावीही नसतं. एक गोष्ट सांगायला हवी: कापणीआधी पीक एकसारखं सुकावं म्हणून तणनाशक फवारायची इथे सर्रास पद्धत आहे, आणि तिच्याविषयी शंका घेणाऱ्या माणसाला मी वेड्यात काढणार नाही.

इतका मसूर पिकवणारी ही माणसं तो खात मात्र नव्हती. चर्चच्या जेवणावळीला टर्की, उन्हाळ्यात अंगणात भाजलेलं गोमांस, हिवाळ्यात खिम्याचं काहीतरी. मसूर म्हणजे जहाजात भरून पाठवायची वस्तू. गेल्या काही वर्षांत हे बदलू लागलं आहे आणि त्याचं मुख्य कारण महागाई आहे. गोमांसाचा खिमा 2025 मध्ये किलोला 14-15 डॉलरच्या घरात गेला. आमच्या भारतीय दुकानात मोठी पिशवी घेतली तर मसूर डाळ किलोला चार डॉलरच्या आसपास पडते. कच्च्या वजनाच्या हिशेबानं मसुरात शेकडा 24-25 प्रथिनं, खिम्यात साधारण 20. डाळीतली प्रथिनं अंगी थोडी कमी लागतात हे धरलं, तरी पैशाच्या हिशेबात मसूर कितीतरी पुढे राहतो. मार्च 2024 या एका महिन्यात कॅनडातल्या फूड बँकांत लोकांनी 20 लाखांहून जास्त फेऱ्या मारल्या. श्रीमंत देशातली ही गोष्ट आहे. फुकट धान्याच्या पिशवीत मसूर असतो आणि तो घरी नेऊन त्याचं काय करायचं हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

म्हणून आमच्या भागातल्या सामुदायिक स्वयंपाकघरात मी मसूर शिकवते. येणारी माणसं तऱ्हेतऱ्हेची: एकट्या आया, निवृत्त ट्रकवाले, मूळनिवासी क्री कुटुंबं, फिलिपिन्सहून आलेल्या नर्सा. इथली पहिली शिस्त अशी की कोणाला मांस सोड म्हणायचं नाही. अर्धा खिमा आणि अर्धा शिजवलेला अख्खा मसूर, असं मिसळून आम्ही करतो. बर्गरची टिक्की, 'चिली' म्हणतात तो राजम्याचा तिखट घट्ट रस्सा, वर कुस्करलेला बटाटा थापून भाजलेला खिमा, सगळ्यात हे चालतं. तेवढ्याच पैशात भांडं दुप्पट भरतं. पुढच्या खेपेला कोणी स्वतःहून मसुराचा वाटा वाढवतं, कोणी वाढवत नाही.

दुसरी गोष्ट मसाल्याची, आणि माझ्या मते निम्मं यश त्यात आहे. पथ्याचं म्हणून पाण्यात उकडून मीठ टाकलेला मसूर कोणीही दुसऱ्यांदा खाणार नाही. मटणाला जे लाड करतो तेच मसुराला केले पाहिजेत. कांदा घाई न करता लाल परतायचा, लसूण सढळ हातानं, टोमॅटो तेल सुटेपर्यंत. अख्खा मसूर तासभर भिजवला तर कुकर नसतानाही अर्ध्या तासात शिजतो, लाल डाळ तर वीस मिनिटांत. आंबट शेवटी घालायचं, नाहीतर दाणा दडदडीत राहतो. वर लिंबू पिळायचं. त्यातलं क जीवनसत्त्व मसुरातलं लोह अंगी लागायला मदत करतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको.

हे लाड मला कुठल्या वर्गात कळले नाहीत. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना 'अख्खा मसूर' लिहिलेले ढाबे लागतात, आणि मटणाला हात न लावणाऱ्यांच्या बरोबरीनं मटण खाणारेही तिथे थांबतात. माझे आजोबा माळकरी होते. घरात मटण शिजायचं तेव्हा त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात अख्खा मसूर व्हायचा. खोबरं, तीळ, खसखस, भाजलेला कांदा, लसूण असं वाटण आजी एकदाच करायची. त्यातला आजोबांचा गोळा आधी बाजूला निघायचा, उरलेलं रश्श्याला. आजोबांनी माळ स्वतःच्या गळ्यात घातली होती, मुलांच्या गळ्यात टाकली नाही. मुलांनीही त्यांचं भांडं कधी विटाळलं नाही. महाराष्ट्रातल्या हजारो घरांनी हा प्रश्न असा पिढ्यान्‌पिढ्या सोडवलेला आहे. शाकाहाराला मी कमी लेखते असं कोणी म्हणू नये. व्रत म्हणून, जिवांची कणव म्हणून, प्रकृतीसाठी मांस सोडणाऱ्याबद्दल मला आदरच आहे.

त्या निवडीचा आदेश होतो, तिथून मला पुढे जाता येत नाही. मुंबईत मासे-मटण खाता म्हणून मराठी माणसाला घर नाकारतात. शाळेत डब्यावरून पोरं ओळखली जातात. 'शुद्ध' शाकाहारी असं लिहिताना आपण दुसऱ्याला काय म्हणतो आहोत, हे दलित, कोळी, आदिवासी, मुसलमान शेजाऱ्याला बरोबर कळतं. जवळा, सुकट, बोंबील, वजडी ही ज्यांच्या घरातली स्वस्त आणि पौष्टिक गोष्ट आहे, त्यांना डाळीचे गुण सांगताना त्यांच्या अन्नाला नाक मुरडायचं, हा उपदेश कोणाच्या पचनी पडेल?

मार्च 2015 मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. गरिबाच्या ताटातलं सगळ्यात स्वस्त मांस गेलं. त्याच वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, तूरडाळ किलोला 200 रुपयांना भिडली. तेव्हा डाळ खा म्हणणाऱ्यांनी डाळीच्या भावासाठी किती मोर्चे काढले? पुढच्या हंगामात तूर उदंड पिकली. सरकारनं बोनससह क्विंटलला 5050 रुपये भाव जाहीर केला होता, पण बाजारात त्याहून कितीतरी कमी मिळत होता. खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदान संपलं. लातूरचा, विदर्भातला शेतकरी तूर घेऊन दिवसचे दिवस बसला. खाणाऱ्याला परवडत नाही आणि पिकवणाऱ्याला पुरत नाही, अशी ही डाळ. कोण काय खातो यावर भांडणाऱ्या आपल्या समाजानं डाळीचा हा प्रश्न कधी जिवाला लावून घेतला नाही.

मग ज्या डाळीच्या भरवशावर अंडं बंद झालं, ती पोराच्या ताटात पडते तरी किती? शालेय पोषण आहाराच्या प्रमाणात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 20 ग्रॅम डाळ आहे, सहावी ते आठवीला 30. वीस ग्रॅम डाळीतून साडेचार ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, आणि बी-12 जीवनसत्त्व, जे कुठल्याच डाळीत नसतं. दूध, दही, अंडं, मासळी यांपैकी काही ना काही लागतंच. दूध परवडणाऱ्या घरात डाळ-भात-दह्यावर मूल छान वाढतं. ज्या घरात दूध फक्त चहापुरतं येतं, तिथे आठवड्याचं ते एक अंडं मोलाचं असतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शेकडा 35 मुलं खुरटलेली आढळली आणि निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी. अंड्याची योजना नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झाली तेव्हा न खाणाऱ्या मुलांना केळं मिळणार होतं. कोणावर जबरदस्ती नव्हती. तरीही विरोध झाला.

परदेशात राहून देशाला शहाणपण शिकवायचा मला अधिकार आहे का, असं माझा भाऊ विचारतो. प्रश्न रास्त आहे. कॅनडाच्या सरकारनं 2019 मध्ये आहाराचा नवा आराखडा काढला. मांस आणि दुधाचे जुने वेगळे गट काढून प्रथिनांचा एकच गट केला आणि वनस्पतींतून मिळणारी प्रथिनं अधिक वेळा निवडा, असा सल्ला दिला. खाटीक दुकान कोणाचं बंद केलं नाही. तरी इथल्या दुकानांत, इथल्या पगारांत लिहिलेला तो आराखडा मी वाळव्याला नेऊन ठेवणार नाही. इथे मांस गरजेपेक्षा जास्त खाणाऱ्याला कमी कर म्हणायचं असतं. आपल्याकडे पुष्कळ घरांत मटण सणावारी आणि डाळ पातळ.

शिकायचं तर तामिळनाडूकडून शिकावं. तिथे रेशनवर तूरडाळ 30 रुपये किलोनं मिळते, आणि शाळेत आठवड्याचे पाचही दिवस अंडं मिळतं. डाळही आणि अंडंही. आपल्याकडे 'आनंदाचा शिधा' आला, त्यात किलोभर चणाडाळ होती, पण ती सणापुरती. वर्षभर, दर महिन्याला, माणशी ठरलेल्या वजनानं तूर किंवा मसूर रेशनवर द्या. ती लातूर-अकोल्याच्या शेतकऱ्याकडून हमीभावानं घ्या, कमी पडली तर सॅस्कॅचवनचा मसूर आहेच. खिचडीतली डाळ 20 ग्रॅमवरून 40 वर न्या. अंड्याचे पैसे परत द्या आणि न खाणाऱ्याला केळ्याबरोबर दूध द्या. यासाठी कोणाचं दुकान एक दिवसही बंद करावं लागणार नाही.

आमच्या गटात हे सगळं मी टाकलं. धाकट्या काकूंनी विचारलं की रेशनवर मसूर आला तर शाळेतल्या बायका शिजवतील का, त्यांना तुरीची सवय. मी त्यांना प्रमाण कळवलंय: पन्नास मुलांना दोन किलो मसूर, किलोभर कांदा, पाव किलो लसूण, अर्धा किलो टोमॅटो आणि कांदा-लसूण मसाला बेतानं, कारण लहान पोरं आहेत.