जाळी मातीला टेकली पाहिजे
उघड्या पडलेल्या उतारावर काथ्याची जाळी अंथरून गवत रुजवा, असं लेखात म्हटलंय ते पटलं. पण ती मातीला चिकटून बसली पाहिजे हे राहून गेलं, आणि खरी गोम तिथेच आहे. जाळी ताणून बसवली की खळग्यांवर अधांतरी राहते, पाणी खालून वाहतं आणि माती घेऊन जातं. म्हणून आधी ओघळी बुजवायच्या, जाळी सैलसर सोडायची, वरची कड चरात गाडायची, मग खुंट्या ठोकायच्या. खुंट्या सहज फुटणाऱ्या झाडाच्या ओल्या फांद्यांच्या घेतल्या तर त्याच मुळं धरतात (शेंड्याची बाजू वर, उलट्या ठोकू नका!).

जाळी तागाचीही मिळते, पण ताग साधारण १ ते २ वर्षांत कुजतो. काथ्यात लिग्निन (धाग्याला कडकपणा देणारा, सहज न कुजणारा घटक) जास्त, त्यामुळे तो जास्त टिकतो. सावकाश वाढणाऱ्या झुडपांसाठी तोच बरा. प्लॅस्टिकची जाळी मात्र नकोच, तिच्यात साप अडकून मरतात. वाळ्याची मुळं २ ते ३ मीटर खोल जातात, समतल रेषेवर (उताराला आडव्या, एकाच उंचीवर) दाट ओळी लावल्या की गाळही अडतो. अर्थात उतार खोलातूनच सरकत असेल तर हे सगळं वरवरचं. तिथे आधी आत मुरलेल्या पाण्याला वाट काढून द्यावी लागते.